पट्टी बदलली की तो कान का झाकतो?

भजनात एखादं मूल कुणाच्या नजरेला नजर देत नाही, नाव विचारलं तर तोंड फिरवतं. पण बुवांनी अभंग उचलला की पहिल्या ओळीलाच पेटीवरची नेमकी पट्टी दाबतं. मग मांडवात दोन तऱ्हेची बोलणी सुरू होतात. एक म्हणतो, "देवाची देणगी ती." दुसरा म्हणतो, "तेका कळना काय नाय, नुसतो पोपट." मालवण-वेंगुर्ल्याच्या या किनारपट्टीवर बरीच वर्षं भजनाला पेटी वाजवताना मी ही दोन्ही वाक्यं पुष्कळदा ऐकली आहेत. माझं मत विचाराल तर दोन्हींत तथ्य नाही. ऑटिझम असलेल्या माणसांचा सुरांचा कान कसा चालतो यावर गेली काही दशकं पद्धतशीर अभ्यास झाला आहे. त्यातून जे कळलं ते 'देणगी'पेक्षा जास्त मजेचं आहे आणि 'पोपटा'पेक्षा फार वेगळं आहे. पेटीच्या भाषेत ते सांगता येतं का, ते पाहू.

आधी ऑटिझम म्हणजे काय ते थोडक्यात. स्वमग्नता असंही त्याला म्हणतात. मेंदूची घडण पहिल्यापासूनच वेगळ्या रीतीने झालेली असते. तो कुणाच्या संस्कारांचा दोष नाही की कुणाची दृष्ट नाही. निदान करताना डॉक्टर ढोबळपणे दोन गोष्टी पाहतात. एक, माणसांशी देवाणघेवाण करण्यातला वेगळेपणा: बोलणं, नजर, हावभाव. दुसरी, ठरावीकपणाची ओढ: तीच हालचाल, तोच क्रम, एकाच विषयाचा ध्यास. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निदान-पुस्तिका जगभर वापरली जाते. २०१३ साली तिची पाचवी आवृत्ती निघाली, तेव्हा या दुसऱ्या गटात आणखी एक गोष्ट घातली गेली: आवाज, उजेड, स्पर्श, वास यांचा फार जास्त त्रास होणं किंवा त्यांची फारशी दखलच न घेणं. आपल्या विषयात हिचं काम मोठं आहे. बाकी या एका नावाखाली वर्गात पहिला येणारा मुलगा असतो आणि चाळिशीतही एक शब्द न बोलणारा माणूसही असतो, हे पुढचं सगळं वाचताना ध्यानात असू द्या.

संगीताचा विषय या निदानाला पहिल्या दिवसापासून चिकटलेला आहे. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांच्या हकिकती प्रसिद्ध केल्या. ऑटिझम हे स्वतंत्र निदान म्हणून पुढे आलं ते तिथून. त्या हकिकतींत गाण्याच्या नोंदी पुन्हा पुन्हा येतात. त्यांतला एक मुलगा दीड वर्षाचा असताना अठरा सिम्फनी वेगवेगळ्या ओळखायचा, पहिला भाग सुरू होताच 'बीथोवेन' म्हणायचा, अशी नोंद आहे. घरी जी तबकडी लागेल ती ओळखणारं, पण आईच्या हाकेला 'ओ' न देणारं मूल. कॅनरला पडलेलं कोडं आजही घराघरांत पडतं.

पांढरी एक आणि काळी एक

पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक दाबली की सूर सेकंदाला सुमारे २६२ वेळा कंप पावतो. शेजारची काळी एक दाबली की सुमारे २७७ वेळा. दोन्ही एकापाठोपाठ वाजवल्या तर कुणीही सांगेल की दुसरी वरची आहे. पण उद्या सकाळी, दातांना मंजन लावत असताना, कुणी नुसता एक सूर ऐकवून विचारलं की ही कुठली पट्टी, तर? आमचे जाणते बुवासुद्धा हात जोडतील. तेही आधी पेटीचा सूर घेतात, मग गळा लावतात, आणि त्यात काही उणं नाही. कसलाही आधार न घेता पट्टीचं नाव सांगता येणं याला निरपेक्ष स्वरज्ञान म्हणतात. सर्वसाधारण लोकांत ते दहा हजारांत एखाद्यालाच असतं असा अंदाज नेहमी दिला जातो. ऑटिझम असलेल्यांत त्याचं प्रमाण कितीतरी जास्त आढळतं. जास्त म्हणजे सगळ्यांत नव्हे. तिथेही ही मंडळी थोडीच.

यातला फरक असा बघा. वाडीत पाहुण्याला घर सांगायचं तर आपण म्हणतो, देवळाकडून खाली उतरा, वहाळ ओलांडला की तिसरं घर. सगळं अंतरावर. देऊळच उचलून दुसऱ्या टेकडीवर नेलं आणि वाडी सोबत नेली, तरी ही खूण चालेल. दुसरी रीत ग्रामपंचायतीची: घर क्रमांक अमुक. तो दारावर लिहिलेला असतो, देवळाशी त्याचा संबंध नाही. बहुतेकांच्या कानात गाणं पहिल्या रीतीने राहतं. सा कुठेही धरा, तिथून रे किती वर आणि ग किती वर एवढंच आपण लक्षात ठेवतो. काही कानांत प्रत्येक सुराचा घर क्रमांकही कोरलेला असतो.

हे क्रमांक ऑटिझम असलेल्या मुलांच्या कानात सहज बसतात का, हे पाहण्यासाठी इंग्लंडमधल्या पामेला हीटन, बिएटे हर्मेलिन आणि लिंडा प्रिंग यांनी केलेला प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी मुद्दाम संगीत न शिकलेली मुलं घेतली, नाहीतर श्रेय क्लासला गेलं असतं. प्राण्यांची चित्रं दाखवली आणि प्रत्येक प्राण्याला एकेक सूर जोडून दिला. नंतर सूर वाजवायचा आणि मुलाने तो प्राणी दाखवायचा. ऑटिझम असलेली मुलं यात इतरांपेक्षा स्पष्टपणे सरस ठरली. मग सुरांऐवजी बोलण्यातले उच्चार जोडले, तर दोन्ही गट सारखेच. म्हणजे सरसकट स्मरणशक्ती जास्त होती असं नाही. सूर नावाच्या गोष्टीवरच त्यांची पकड होती.

सूर ओळखणं वेगळं आणि सुरातला बारीक फरक कळणं वेगळं. माँट्रियलमधल्या संशोधकांचा २००३ सालचा अभ्यास या दुसऱ्या गोष्टीचा आहे. दोन सूर सारखे की वेगळे, कुठला वरचा, या कसोटीत ऑटिझम असलेले लोक इतरांपेक्षा अचूक निघाले. आमच्याकडे याचा पडताळा पावसाळ्यात येतो. कोकणातल्या पावसाच्या दमट हवेत पेटीचं लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, आतले पितळी सूर, म्हणजे वाजणाऱ्या पात्या, काळवंडतात, एखादा किंचित उतरतो. एकाच पट्टीखाली दोन सूर असतील आणि त्यांतला एक सेकंदाला दोनच कंपनांनी उतरला असेल, तर ती पट्टी दाबल्यावर आवाज एका लयीत वाढतो आणि कमी होतो, सेकंदाला दोनदा. गणपतीच्या आधी पेटी दुरुस्तीला जायची ती त्यासाठीच. मंडळातल्या निम्म्या लोकांना ही लहर ऐकूच येत नाही. ज्याला ती ऐकू येते आणि सहन होत नाही, ते मूल त्या एका पट्टीवर आपलं बोट येऊच देत नाही. गाणं मध्ये तुटलं तरी चालेल. बघणाऱ्याला तो हट्ट वाटतो.

हे असं का होतं, यावर तज्ज्ञांत दोन विचार आहेत. उटा फ्रिथ यांनी १९८९ मध्ये मांडलेला विचार असा की, आपला मेंदू सुट्या तपशिलांतून झटकन एक अर्थ बनवतो आणि तपशील टाकून देतो. ऑटिझममध्ये ही एकत्र बांधण्याची ओढ कमी असते, म्हणून तपशील जसाच्या तसा राहतो. लॉरां मोत्रों आणि त्यांचे सहकारी म्हणतात की उणीव कशाला शोधता, ऑटिस्टिक मेंदूत ऐकण्या-पाहण्याची यंत्रणाच जास्त ताकदीची असते आणि ती वरच्या आज्ञेची फारशी वाट पाहत नाही. मला दुसरा विचार जास्त पटतो, आणि त्याला पुढे येणारा एक प्रयोगही आधार देतो. यातच बोलण्याचाही धागा आहे. बोलणं शिकताना आपल्याला आवाजाची उंची विसरावी लागते. आई 'पाणी' वरच्या सुरात म्हणो की काका खर्जात म्हणो, अर्थ तोच. बहुतेक मुलं सुराकडे दुर्लक्ष करायला शिकतात. ज्याचं लक्ष अर्थापेक्षा आवाजावरच राहतं, त्याच्याजवळ सूरही राहतो.

आता आपल्या संगीताची गंमत. आपला सा चालता-फिरता आहे. बुवा काळी एकात गातील, बाई काळी चारात गातील, राग तोच. निरपेक्ष स्वरज्ञानाचं आपल्याकडे फारसं कौतुक नाही ते यामुळेच. पण ज्याच्या कानात घर क्रमांक कोरलेले आहेत, त्याला हा फिरता सा कसा वाटत असेल?

आमच्या वाडीत एक मुलगा आहे, नऊ-दहा वर्षांचा. गणपतीत आम्ही घरोघर फिरून आरत्या करतो. पहिल्या घरी मी काळी एक धरली होती. पुढच्या एका घरी गळे तापले, कुणीतरी 'चढवा' म्हणालं, म्हणून अर्धा सूर चढून पांढरी दोन धरली. पहिलं कडवं संपायच्या आत तो मुलगा दोन्ही कान तळहातांनी दाबून 'नाय, नाय, नाय' म्हणत लोकांमधून वाट काढत पेटीपाशी आला. एक हात कानावरून काढला आणि एका बोटाने काळी एक दाबून धरली. पांढरी दोनच्या सा-ला अगदी चिकटून वाजणारी काळी एक. दात शिवशिवले सगळ्यांचे. झांजा थांबल्या. मागून त्याची आई म्हणाली, "बुवानू, पयल्या घराक ती काळी एकात होती." पट्टी उतरवली. त्याने कान सोडले, पेटीच्या बाजूला बसला आणि पुढच्या आरत्या शेवटापर्यंत म्हटल्या, एकही शब्द न गाळता.

चढलेल्या पट्टीत ती आरती त्याला ओळखूच आली नसेल का? तसं नसावं. मोत्रों, इझाबेल पेरेट्झ आणि मेनार यांचा २००० सालचा प्रयोग इथे कामाचा आहे. त्यांनी चाली ऐकवल्या आणि त्यांत बदल केला आहे का ते विचारलं. चाल त्याच पट्टीत असताना एखादा सूर बदलला, तर ऑटिझम असलेले लोक तो इतरांपेक्षा चांगला पकडत. आणि चाल दुसऱ्या पट्टीत हलवली तरी तिचा आकार ओळखण्यात ते मागे पडले नाहीत. म्हणजे झाडं दिसतात पण रान दिसत नाही, असं काही नव्हतं; दोन्ही दिसत होतं. त्या मुलाला आरती तीच आहे हे कळत होतं, आणि ती जागची हलली आहे हेही. आपल्याला फक्त पहिली गोष्ट कळते.

सगळे बुवा होत नाहीत

दूरदर्शनवर, मोबाइलवर असामान्य वादकांचे व्हिडिओ फिरत असतात, आणि ते पाहून आईबापांना वाटतं की आपल्याही लेकरात कुठेतरी असं काही दडलेलं असणार. डेरेक पॅराविसिनी हे त्यांतलं सर्वांत ठाऊक नाव. इंग्लंडमध्ये १९७९ साली दिवस भरायच्या फार आधी जन्मलेला, अंध, ऑटिझम असलेला पियानोवादक. एकदा ऐकलेली रचना कुठल्याही पट्टीत, कुठल्याही ढंगात वाजवून दाखवतो. त्याच्या कथेतला कमी सांगितला जाणारा भाग म्हणजे त्याचे गुरू अ‍ॅडम ओकेलफर्ड. डेरेक लहानपणी स्वतःच वाजवायला शिकला तेव्हा बोटांबरोबर कोपरंही वापरायचा, कारण पियानो कसा वाजवतात हे त्याने पाहिलेलं नव्हतं. बोटं कशी ठेवायची हे शिकवायला ओकेलफर्ड यांना वर्षानुवर्षं लागली. कान मिळाला होता, हात कमवावा लागला.

असामान्य कौशल्याचं प्रमाण किती, यासाठी बर्नार्ड रिमलंड यांचा १९७८ सालचा आकडा अजून सांगितला जातो: ऑटिझम असलेल्या मुलांपैकी सुमारे १० टक्क्यांत पालकांनी असं काहीतरी नोंदवलं होतं. त्यात संगीताबरोबर तारखांची गणितं, चित्रकला, पाठांतर असं सगळं आलं, आणि पालकांच्या सांगण्यावर आधारलेला तो आकडा आहे. ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुलांना संगीतात काडीचाही रस नसतो. काहींना आवडतं, पण जमत नाही. त्यांच्या घरी पेटी आणून 'वाजव, वाजव' करण्यात अर्थ नाही. एखाद्याला कोंबड्या पाळायच्या असतील.

चेहऱ्यावर दिसत नाही म्हणून

'पोपट' म्हणणाऱ्याचं म्हणणं असं असतं की सूर बरोबर लागला तरी भाव कुठे आहे? चेहरा तर कोरा. हाही प्रश्न प्रयोगात गेला आहे. १९९९ साली हीटन, हर्मेलिन आणि प्रिंग यांनी मुलांना पाश्चात्त्य संगीतातल्या आनंदी आणि उदास वळणाच्या चाली ऐकवल्या आणि हसरा की रडका चेहरा लावायचा ते विचारलं. ऑटिझम असलेली मुलं इतर मुलांइतकीच बरोबर निघाली. माणसांच्या चेहऱ्यावरचा भाव ओळखताना ज्यांची अडचण होते, त्यांना सुरातला भाव कळत होता.

मोठ्या माणसांवरचा अभ्यास मला त्याहून मोलाचा वाटतो. लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातले रॉरी अ‍ॅलन आणि त्यांचे सहकारी ऑटिझम असलेल्या प्रौढांशी संगीताबद्दल सविस्तर बोलले. ते लोक गाणी ऐकत होते, मन ताळ्यावर आणायला ऐकत होते, तुम्ही-आम्ही ऐकतो तसेच. फक्त बोलताना 'विरह', 'करुण' असले शब्द येत नसत. 'शांत होतं', 'जोर येतो' असं काही येई. पुढे २०१३ च्या अभ्यासात त्यांनी संगीत ऐकताना अंगावर होणारा परिणाम यंत्राने मोजला, तर तो इतरांइतकाच होता. कमी होते ते शब्द. स्वतःच्या भावनेला नाव देता न येणं ही वेगळी अडचण आहे, ती ऑटिझम नसलेल्यांतही असते. दशावताराला रात्रभर मख्ख चेहऱ्याने बसून राहणारे आणि पहाटे 'बरा झाला नाटक' एवढंच बोलून घरी जाणारे आमच्याकडे कमी नाहीत. त्यांना नाटक भिडलं नाही असं कुणी म्हणत नाही.

आरती येते, पाणी मागता येत नाही

आईबापांना सर्वांत जास्त छळणारी गोष्ट ही. सगळी आरती पाठ, जाहिरातींची गाणी पाठ, पण तहान लागली तर हात धरून माठाकडे ओढून नेणार, शब्द नाही. गाता येतं तर बोलता का येत नाही? आळस आहे का? आळस नाही. न्यूयॉर्कमधला २०१२ सालचा एक अभ्यास आहे. मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, पुढे खालच्या बाजूला, बोलण्याशी संबंधित एक भाग असतो. ऑटिझम असलेल्या मुलांना नुसतं बोलणं ऐकवलं तेव्हा तो भाग इतर मुलांपेक्षा कमी जागा झाला. गाणं ऐकवलं तेव्हा तोच भाग इतर मुलांपेक्षा जास्त जागा झाला. आपल्या देशातही हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात मेघा शारदा, नंदिनी चटर्जी सिंह आणि सहकाऱ्यांनी असंच काम केलं. बोललेला शब्द ऐकताना मेंदूच्या पुढच्या आणि कानाजवळच्या भागांतला जो दुवा ढिला दिसत होता, तो तोच शब्द गाऊन ऐकवला की शाबूत दिसला. तो अभ्यास २०१५ चा.

बोलण्यात आणि गाण्यात इतका फरक पडतो याला काही कारणं आहेत. गाण्यात स्वर लांबतो, शब्द सुटा होतो. पुढे काय येणार ते ठाऊक असतं. काल म्हटली तशीच आरती आज म्हणतात. बोलण्यात असं काहीच नसतं. तेच वाक्य सकाळी एका चालीने आणि रागात दुसऱ्या चालीने येतं. शिवाय आरतीला उत्तर द्यायचं नसतं. समोरच्याच्या मनात काय आहे ओळखून, आपल्याला काय हवं ते निवडून, शब्द जुळवून, नेमक्या वेळी तोंड उघडणं, हे सगळं 'पाणी दे' या दोन शब्दांच्या मागे असतं. आरतीच्या मागे त्यातलं काहीच नसतं.

या वाटेने बोलण्यापर्यंत पोचता येईल का, हे बोस्टनमध्ये कॅथरीन वॉन, गॉटफ्रीड श्लॉग आणि सहकाऱ्यांनी पाहिलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात मुळीच न बोलणारी पाच ते नऊ वर्षांची सहा मुलं होती. समोर सुरात लावलेले दोन ढोलके. शिकवणारी व्यक्ती शब्दाचे तुकडे दोन सुरांवर गाते आणि प्रत्येक तुकड्याला एकेका ढोलक्यावर थाप देते. मुलाने हात धरून, मग स्वतः तसंच करायचं. मुलांच्या तोंडून शब्दांसारखे उच्चार येऊ लागले. मुलं सहाच होती, म्हणून यावर कुणी किमया विकत असेल तर सावध राहा. पण घरात 'जेवूक ये' हे रोज त्याच दोन सुरांवर, त्याच लयीत म्हणून पाहायला पैसे पडत नाहीत.

तोच कान शिमग्यात

आता दुसरी बाजू. भजनात ज्याच्या कानाचं कौतुक झालं, तोच मुलगा शिमग्यात रोंबाट, म्हणजे ढोल बडवत येणारी मिरवणूक, आलं की माजघरात कोपऱ्यात डोकं घालून बसतो. 'सूर कळतो आणि ढोल चालत नाही?' म्हणून लोक हसतात. अहो, कान एकच आहे. बारीक फरक टिपणारी यंत्रणा सणाच्या दिवशी बंद ठेवता येत नाही.

अ‍ॅना रेमिंग्टन आणि जेक फेअर्नी यांनी २०१७ साली एक सुंदर गोष्ट दाखवली. लोकांना एक ध्वनिमुद्रण ऐकवलं. त्यात समारंभाच्या तयारीच्या गप्पा चालल्या आहेत, आणि ठरावीक जणींच्या बोलण्याकडेच लक्ष द्यायला सांगितलं आहे. मध्येच एक माणूस 'मी गोरिला आहे, मी गोरिला आहे' म्हणत जातो. बहुतेक साध्या श्रोत्यांना तो ऐकूच येत नाही, लक्ष दुसरीकडे असतं. ऑटिझम असलेल्यांपैकी कितीतरी जास्त जणांना तो ऐकू आला, आणि सोपवलेल्या कामात ते मागेही पडले नाहीत. एका वेळी जास्त आवाज आत घेण्याची त्यांची क्षमता आहे, असा याचा अर्थ. भजनाच्या बारीत ती वरदान ठरेल. गणपतीच्या घरात मात्र झांजा, मृदंग, मिक्सर, कुकरची शिट्टी, पडवीतले पाहुणे, बाहेर एसटीचा हॉर्न, पंख्याची घरघर, सगळं एकाच वेळी आत येतं आणि काहीच गाळलं जात नाही.

केवळ मोठेपणाचा हा प्रश्न नाही. तोच मुलगा स्वतः ढोल बडवतो तेव्हा त्याला काही होत नाही, हे पाहून घरचे चक्रावतात. पण स्वतः मारलेली थाप कधी पडणार हे ठाऊक असतं. दुसऱ्याने अचानक लावलेला सुतळी बॉम्ब ठाऊक नसतो. म्हणून करायच्या गोष्टीही साध्या आहेत. आरती कधी सुरू होणार ते आधी सांगा. झांज त्याच्या कानापासून दूर ठेवा, नाहीतर त्याच्याच हातात द्या. कान झाकणारे जाड हेडफोन मिळतात, ते घालून तो देवासमोर बसला तर देवाला राग येत नाही. पालखी अंगणात येणार असेल तर वाजंत्र्यांना दोन घरं आधी थांबून हात आवरता येतो का विचारा. आमच्याकडे विचारल्यावर त्यांनी आनंदाने आवरला. बाहेर पडायला वाट मोकळी असू द्या, आणि तो गेला तर मागे कुणी 'बघा, पळालो' म्हणून ओरडू नका.

उपचार म्हणून संगीत

रागांनी ऑटिझम बरा होतो असं सांगणारे भेटतील. नाही होत. संगीतोपचाराची सर्वांत मोठी चाचणी नऊ देशांत झाली, चार ते सात वर्षांची ३६४ मुलं त्यात होती, निकाल २०१७ साली आला: नेहमीच्या उपचारांना तत्काल सुचेल तसं वाजवण्या-गाण्यावर आधारलेल्या संगीतोपचाराची जोड दिली, तरी पाच महिन्यांनी सामाजिक लक्षणांत फरक दिसला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी माँट्रियलमध्ये मेघा शारदा यांनीच केलेल्या अभ्यासात सहा ते बारा वर्षांच्या ५१ मुलांत मात्र संगीताच्या गटातल्या मुलांचा संवाद सुधारल्याचं पालकांनी नोंदवलं. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात असे २६ अभ्यास, १,१६५ जण एकत्र पाहिले गेले. एकंदर सुधारणा दिसण्याची शक्यता संगीतोपचाराने वाढते आणि जगणं थोडं सुखाचं होतं असं त्यात निघालं. बोलण्यात आणि मिसळण्यात ठोस फरक सिद्ध झाला नाही. माझ्या मते एवढं पुष्कळ आहे. आपण आपल्या पोरांना पेटी शिकवतो ती कुठला आजार जावा म्हणून नव्हे.

निदान आणि बाकीचे उपचार यांना पर्याय नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो २०१३ पासून चालू आहे, अंगणवाडी आणि शाळेत मुलांची तपासणी होते आणि पुढे जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पाठवायची सोय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, त्यामुळे प्रमाणपत्रही मिळतं. हे काम आधी करा, पेटी नंतर.

आणि पेटी शिकवायची झालीच, तर सारेगमच्या वहीपासून सुरुवात करू नका. शेजारी बसा. त्याने तीन पट्ट्या दाबल्या तर तुम्हीही त्याच तीन दाबा, काही न बोलता. पुन्हा त्याने दाबल्या, पुन्हा तुम्ही. मग तिसऱ्या वेळी एकच सूर बदला आणि थांबा. तो तुमच्या हाताकडे बघेल, कदाचित हात झटकून टाकेल, कदाचित बदललेला सूर उचलेल. हात झटकला तर परत मूळ तीनवर या. तीच एक ओळ तो आठवडाभर वाजवत राहिला तर वाजवू द्या, घरातल्यांना कंटाळा येईल तो येऊ द्या. पाहुणे आले की 'काकांना वाजवून दाखव' हे मात्र बंद. पट्टी बदलायची असेल तेव्हा नवीन पट्टी थोडा वेळ नुसती दाबून धरायची, तिचं नाव मोठ्याने सांगायचं, मग चाल सुरू करायची. आम्ही आता गणपतीत आरत्यांचा क्रम मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून पेटीवर चिकटवतो, प्रत्येकीपुढे पट्टी: काळी एक, काळी एक, पांढरी दोन. ऐनवेळी कुणाला 'चढवा' म्हणायचं असेल तर त्याने आधी येऊन कागदावर खोडायचं, त्या मुलासमोर.